चंचल मुलाच्या हाती गाडीची किल्ली

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बारामती-इंदापूर रस्त्यावर एक टायर बसलेली उसाची ट्रॉली कडेला उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, खबरदारी म्हणून मागे दोन दगड आणि बाभळीची फांदी ठेवलेली. क्लास सुटून मोटारसायकलवरून घरी निघालेला सोळा-साडेसोळा वर्षांचा एक मुलगा त्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. मांडीचे हाड मोडले, खालचे दोन दात गेले, हनुवटीला टाके पडले. डोके वाचले ते केवळ नशिबाने, कारण हेल्मेट घरी खुंटीवर होते.

चार दिवसांनी मी त्याला भेटायला गेलो, तेव्हा वडील मला व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अंधार होता हे खरं. पण ट्रॉली घराएवढी मोठी. मागनं येणाऱ्या दुसऱ्या पोरानं सांगितलं, लांबनं दिसत होती. मग ह्यालाच कशी दिसली नाही?"

मी मुलालाच विचारले. तो म्हणाला, "दिसली होती काका. पण तेवढ्यात कॅनॉलच्या पुलावर माणसं जमली होती. काय झालंय म्हणून तिकडं बघितलं. परत पुढं बघितलं तर ट्रॉली समोरच."

हा मुलगा मला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे. दवाखान्यात आला की स्टेथोस्कोप ओढणार, वजनकाट्यावर उड्या मारणार, औषधांच्या कपाटाचे दार दहा वेळा उघडझाप करणार. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या : वह्या अपुऱ्या, डबा हरवला, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतो, बाकावर बसत नाही. आईने मला निदान तीन वेळा विचारले होते आणि तिन्ही वेळा मी तिला एकच उत्तर दिले होते, "अहो, मुलगा आहे, मस्ती करणारच. मोठा झाला की होईल शांत." ते उत्तर चुकीचे होते. अपघातानंतर पुण्याच्या मानसोपचार तज्ज्ञांनी त्याला एडीएचडी असल्याचे निदान केले. दहा वर्षांपूर्वी मी तिकडे चिठ्ठी दिली असती, तर निदान गाडी हातात येण्याआधी घरच्यांना काय ते माहीत असते. म्हणून आजचा लेख.

हा आजार नवा नाही

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असे म्हणता येईल. "हे सगळं मोबाईल आल्यापासूनचं" असे पुष्कळ जण सांगतात. पण लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशाच मुलांचे वर्णन केले होते, तेव्हा मोबाईल कुठला आणि टीव्ही कुठला. आई-वडिलांचे लाड, आजीने दिलेली साखर किंवा संस्कारांची उणीव यामुळेही हा विकार होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. निदान सांगितल्यावर कित्येक वडील खाली मान घालून हळूच म्हणतात, "मीही लहानपणी असाच होतो."

लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून दिसतात आणि घरी, शाळेत, लग्नकार्यात, सगळीकडे दिसतात. वय वाढले की अंगाची चुळबुळ कमी होते, त्यामुळे आपल्याला वाटते, आता सुधारला. पण लक्ष भरकटणे आणि विचाराआधी कृती करणे ही दोन लक्षणे अनेकांत तरुणपणीही राहतात. मुलींमध्ये तर पुष्कळदा चुळबुळ नसतेच. मुलगी शांत असते, फक्त आपल्याच तंद्रीत. तिला "वेंधळी" म्हणून सोडून दिले जाते आणि अकरावीला स्कूटी घेऊन दिली जाते. 'तारे जमीन पर' हा चित्रपट आल्यानंतर अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांकडे लोक जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. तो चित्रपट वाचनाच्या अडचणीचा होता, एडीएचडीचा नव्हे. पण दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

या मुलांची बुद्धी कमी नसते. दोष लक्ष देण्याच्या शक्तीत नाही, लक्ष कोठे आणि किती वेळ ठेवायचे यावरच्या ताब्यात आहे. आवडता खेळ तीन तास खेळेल, पण कंटाळवाण्या सरळ रस्त्यावर तीन मिनिटांत मन दुसरीकडे जाईल. आणि गाडी चालवणे हे बहुतांशी कंटाळवाणेच काम असते. पंधरा मिनिटे काहीच घडत नाही, आणि मग एका सेकंदात सगळे घडते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर जाते. दोन सेकंद मान वळवून कॅनॉलच्या पुलाकडे पाहिले, तर जवळजवळ २८ मीटर अंतर आंधळेपणाने कापले गेले. त्या मुलाची दृष्टी सहा बाय सहा आहे, मी स्वतः तपासली. डोळ्यात दोष नव्हता, नजर परत आणायला उशीर झाला.

परदेशात यावर बरेच काम झाले आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील हजारो तरुण चालकांच्या नोंदी फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील संशोधकांनी तपासल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एडीएचडी असलेल्यांना पहिल्या अपघाताचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३६ टक्के जास्त आढळला. ही वाढ मोठी आहे. पण काही आई-बापांना वाटते तसे 'हा गाडी चालवूच शकणार नाही' असे त्यातून सिद्ध होत नाही. २०२२ साली सिनसिनाटी येथील डॉक्टरांनी १६ ते १९ वयाच्या १५२ एडीएचडीग्रस्त मुलामुलींवर केलेला प्रयोग तर मला फारच आवडला. निम्म्यांना त्यांनी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली : रस्त्यावरून नजर काढली तर दोन सेकंदांच्या आत परत आणायची. नजर जास्त रेंगाळली की भोंगा वाजायचा. नंतर वर्षभर त्यांच्या मोटारीत कॅमेरे बसवून पाहिले, तेव्हा लांब रेंगाळणाऱ्या नजरा कमी झाल्या होत्या, आणि धडका व थोडक्यात चुकलेल्या धडकाही. म्हणजे हे शिकवता येते.

आधी कायदा आणि वय

आपल्याकडे दहावीला टक्के मिळाले की गाडी, हा करार चैत्रातच झालेला असतो. वाड्या-वस्त्यांवर तर त्याआधीच सकाळी दुधाचे कॅन अडकवून पोरगे डेअरीवर जाते. मी हे वरून बोलत नाही. एसटीच्या वेळा, क्लासच्या वेळा, शेतावरचे मजुरांचे डबे हे सगळे मला कळते. पण अठरा वर्षांआधी गिअरची मोटारसायकल किंवा बाजारात सर्रास मिळणारी शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. सोळाव्या वर्षी जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला आणि सतरा वर्षांच्या मुलावर ठपका आला, तेव्हा वडिलांनाही अटक झाली होती. त्या प्रकरणाचा एडीएचडीशी संबंध नाही, पण 'पोराची चूक, बापाला काय' असे म्हणणाऱ्यांनी ते आठवावे. विमा कंपनीही भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करायला लागू शकते.

चंचल मुलाच्या बाबतीत मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, अठरा पूर्ण झाले की लगेच किल्ली द्यायचीच असे काही नाही. या मुलांच्या मेंदूतील आवर घालणारा भाग पिकायला थोडा जास्त वेळ लागतो. एक-दोन वर्षे उशिरा शिकला तर बिघडत नाही.

तोवर काय करायचे? सायकल. हेल्मेट घालून, हात दाखवून, मागे वळून बघून सायकल चालवायला शिकलेला मुलगा निम्मी गाडी शिकलेला असतो. दुसरे, तुमच्या मागे बसवून रस्ता वाचायला शिकवा. "पुढं काय दिसतंय सांग." तो म्हणेल, एसटी थांबली. मग विचारा, "आता काय होईल?" एसटीच्या पुढून माणूस धावत येईल. मेंढ्यांचा कळप असेल तर मागे राहिलेले कोकरू धावेल. चेंडू रस्त्यावर आला तर मागून पोर येईल. हा खेळ पोरे आवडीने खेळतात, आणि त्याला पेट्रोल वेगळे लागत नाही.

शिकवायचे कसे

पहिली गोष्ट, शिकवणारा माणूस निवडा. ज्या बापाचे आणि पोराचे जेवतानाही भांडण होते, त्या बापाने मागच्या सीटवर बसू नये. मामा असेल, चुलता असेल, ड्रायव्हिंग स्कूलमधला शांत डोक्याचा मास्तर असेल, ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याचा आवाज चढत नाही असा कोणीही. कारण या मुलांना आयुष्यभर "लक्ष कुठंय तुझं?" हेच ऐकायला मिळालेले असते. गाडीवर पुन्हा तेच ओरडले की त्याचे उरलेसुरले लक्षही तुमच्या ओरडण्याकडे जाते.

आधी मोकळे मैदान. सुट्टीच्या दिवशी सकाळी, वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. वीस मिनिटांनी त्याला आणखी चालवावीशी वाटते तेव्हाच थांबायचे. एका दिवशी एकच गोष्ट. आज फक्त ब्रेक : चुन्याची रेघ मारा आणि रेघेवर थांबायला लावा, पंधरा वेळा. उद्या फक्त आरसा आणि इंडिकेटर. आपण एका दमात दहा सूचना देतो आणि तो तिसरी विसरला म्हणून चिडतो.

रस्त्यावर आल्यावर बोलत बोलत चालवायला लावा. हा सगळ्यात उपयोगी उपाय आहे. "पुढे ट्रॅक्टर आहे. दिवा नाही. वेग कमी करतोय. आरशात बघितलं, मागे जीप आहे. थांबतो." तोंड चालू असले की मन भटकत नाही. लोक हसतील, हसू द्या. पुढे तो मनातल्या मनात बोलायला लागतो. नजरेसाठी ग्रामीण भाषेत मी एक मंत्र देतो : बघ आणि परत ये. डाव्या बाजूला काही दिसले, 'एक' म्हणायचे आणि नजर समोर. काय झाले आहे ते जाणून घ्यायचे असेल तर गाडी बाजूला लावून, उतरून बघ. कोण अडवतोय?

रस्ता सुरुवातीला एकच ठेवा. घर ते कॉलेज, किंवा काटेवाडीपर्यंत जाऊन परत. त्याच रस्त्यावरचे गतिरोधक, वळणे, शाळेचे फाटक पाठ होऊ द्या. मग दुसरा रस्ता. पुणे-सोलापूर महामार्ग पहिले वर्षभर नकोच. भिगवणपासून इंदापूरपर्यंत तिथला वेग वेगळा, आणि गावातून उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्यांची आपली सवय वेगळी.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते आणि सगळे जण एकतिसाव्या दिवशीच बारामतीच्या आरटीओ कार्यालयात हजर होतात. चंचल मुलाने ते सहा महिने पुरेपूर वापरावेत असे माझे सांगणे आहे. एमएच ४२ ची पाटी आणि खिशातले कार्ड पुढे आयुष्यभर असणारच आहे.

गिअरची गाडी की बिनगिअरची, हा प्रश्न हमखास येतो. व्हर्जिनिया विद्यापीठात काही मोजक्या एडीएचडीग्रस्त मुलांवर एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात मोटारीला हाताचे गिअर असताना ती मुले जास्त लक्षपूर्वक चालवतात असे दिसले. हातापायाला काम असले की डोके जागे राहते, हे पटण्यासारखे आहे. पण इतक्या लहान प्रयोगावर मी सगळ्यांना एकच सल्ला देणार नाही. ब्रेक आणि तोल बिनगिअरच्या स्कूटरवर बसू द्या, नंतर साधी शंभर सीसीची मोटारसायकल. धडधड आवाज करणारी जड गाडी पहिल्या दोन वर्षांत घेऊ नका, मामांनी भेट दिली तरी.

मोबाईल डिकीत, बंद करून. खिशात असला तर तो वाजतो, आणि वाजला की हात जातो. कानात वायर नाही, हेल्मेटच्या आत गाणी नाहीत. पहिले वर्षभर मागे मित्र बसवायचा नाही. एक मित्र मागे बसला की या मुलाचे निम्मे लक्ष त्याच्याशी बोलण्यात जाते, दोन बसले तर विचारूच नका. आणि घरात भांडण झाल्याबरोबर किल्ली उचलून दार आपटून निघून जायचे, हे तर अजिबात नाही. मी पाहिलेल्या तरुण मुलांच्या अपघातांत 'रागाने निघाला होता' हे वाक्य फार वेळा ऐकले आहे. एका माऊलीने यावर चांगली युक्ती काढली : किल्ली देवघरातल्या डबीत ठेवते. ती घ्यायला चप्पल काढून आत जावे लागते, तेवढ्यात पारा उतरतो.

हे सारे नियम एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नियम पाच-सहाच असावेत. मोडला तर काय, तेही आधीच लिहावे : दोन दिवस गाडी बंद. रागाच्या भरात "आता वर्षभर हात लावायचा नाही" असे म्हणायचे आणि तिसऱ्या दिवशी दुधासाठी तोच पोरगा पाठवायचा, याने काही साधत नाही. आठवडा नीट गेला तर त्याचे कौतुकही तितकेच मोठ्याने करा.

औषधांविषयी

एडीएचडीवर मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन अशी औषधे आहेत. ती मानसोपचार तज्ज्ञांनीच सुरू करायची, मी किंवा औषध दुकानदाराने नव्हे. भूक, झोप, वजन, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते, ते काम फॅमिली डॉक्टर करू शकतो. ही औषधे घेतली की मुलगा 'गुंगीत राहतो' ही समजूत चुकीची आहे. स्वीडनमध्ये एडीएचडी असलेल्या सुमारे १७ हजार माणसांच्या नोंदींवरून २०१४ साली असे दिसले की पुरुषांमध्ये औषध चालू असतानाच्या काळात गंभीर वाहन अपघातांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. नंतर अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात स्त्री-पुरुष दोघांतही फायदा आढळला.

मात्र एक गोष्ट तज्ज्ञांना आवर्जून विचारा : सकाळच्या गोळीचा असर किती वाजेपर्यंत? काही गोळ्यांचा असर चार-पाच तासांत, काहींचा संध्याकाळपर्यंत ओसरतो. क्लास सुटतो साडेसहाला, अंधार पडतो सहाला, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर, इंदापूर, कुठल्याही कारखान्याचा रस्ता घ्या. ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले, मागचा हॉर्न चालकाला ऐकू येत नाही. ज्या वेळी औषध उतरते त्याच वेळी रस्ता सगळ्यात वाईट असतो. त्या वेळेला मुलाने गाडीवर नसावे, एसटीने यावे किंवा घरच्यांनी आणायला जावे, हे मला औषधाच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे वाटते. रात्री बारा-एकपर्यंत जागून पहाटेच्या क्लासला गाडीवर जाणे हेही त्यातच आले. झोप अपुरी असेल तर गोळीचा उपयोग उणा होतो.

आणखी एक इशारा. मूल मधूनच पाच-दहा सेकंद शून्यात बघते, हाक मारली तरी भानावर येत नाही, आणि नंतर त्याला काही आठवत नाही, असे होत असेल तर ते नुसते दुर्लक्ष नसून फिटचा एक सौम्य प्रकार असू शकतो. त्याची तपासणी झाल्याशिवाय गाडीला हात लावू देऊ नका. परवान्याच्या अर्जात फिट येते का हे विचारलेले असते, तिथे खोटे लिहू नये. एडीएचडी आहे म्हणून परवाना मिळत नाही, असे मात्र नाही.

निदानासाठी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्याला ससून रुग्णालयात दाखवता येईल. लगेच जाणे जमत नसेल तर २०२२ साली सुरू झालेल्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.

त्या मुलाचे हाड जुळले, सळई अजून आत आहे. गेल्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली. औषध चालू आहे, बारावीचे वर्ष त्याने नीट पार पाडले. शिकाऊ परवाना काढला आहे आणि मागच्या सीटवर वडिलांऐवजी त्याचा मामा बसतो. परवा सकाळी दवाखान्यासमोर गाडी उभी करून तो आत आला आणि हेल्मेट टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, येताना तीन ट्रॉल्या लागल्या. एकीला दिवा नव्हता." मी विचारले, "मग?" तो म्हणाला, "मामाला आधी मीच सांगितलं."